शोकेसमधला नमुना

१२ ऑक्टोबर २००८, रविवार

आज एक जीव वाचवला. चोरखमाऱ्याकडून मोटारसायकलने येत होतो. रस्त्याच्या कडेला बेशरमच्या झुडपाजवळ चार-पाच माणसं दगड घेऊन उभी. म्हटलं साप निघाला. उतरून पाहतो तर गिरगिट. कुंपणावर मान हलवत बसतो तो नेहमीचा सरडा नव्हे. हा पानासारखा हिरवा, चपटा, शेपटीची गुंडाळी केलेला, आणि डोळे असे की एक माझ्याकडे आणि दुसरा दगडवाल्याकडे.

"मास्तर, दूर व्हा. थुंकला तं आंधळे व्हान," एक जण म्हणाला.

"आंधळा झालेला एक तरी माणूस दाखव मले," मी म्हटलं. कोणी दाखवला नाही. मी काही मास्तर नव्हतो, हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर होतो. पण आयुष्य बरण्यांमधल्या बेडकांत आणि सापांत गेलं. याच्यात विष नसतं एवढं मला कळतं. पिशवीत घातला आणि गोरेगावला घरी आणला.

रुक्मा दारातच म्हणाली, "अजी, घरात एक नमुना होता तो का कमी होता?"

बैठकीतल्या शोकेसमधून निरोप समारंभाची शाल, कपबश्या आणि मुलीच्या, साक्षीच्या, बक्षिसांच्या ढाली बाहेर काढल्या. एक फांदी उभी केली, वाटीत पाणी ठेवलं. शोकेसला मागून आरसा आहे, त्यामुळे नमुना दोन्ही बाजूंनी नीट दिसतो. ही सोय फार चांगली झाली. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच आज दिवस कसा गेला कळलं नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

निरीक्षण लिहून ठेवतो. सकाळी दूधवाला भैय्यालाल आला तेव्हा नमुना काळपट, मळक्या चिंधीसारखा. दुपारी खिडकीतून ऊन थेट अंगावर आलं तेव्हा हिरवागार. पण त्या वेळी घरात परकं कोणी नव्हतं, हे महत्त्वाचं. काल तेच. परवा तेच. भैय्यालाल दुधात पाणी घालतो ही शंका मला जुनीच होती.

साक्षी म्हणाली, "बाबा, सकाळी थंडी राहते म्हणून तं काळा होत नसन?"

"थंडीनं माणूस काळा पडते का?"

"तो माणूस नाही ना बाबा."

पोरगी बारावीला विज्ञान शिकली, पण निरीक्षण शून्य. माझा अंदाज असा आहे की खोटं बोलणाऱ्या माणसाच्या घामाला वेगळा वास येत असावा. तो आपल्या नाकाला कळत नाही, याला कळतो. मी लिंबू-मिरची बांधणारा माणूस नाही. आमच्या घरात छप्पन सालच्या दीक्षेपासून ते सगळं बंद आहे. हा प्रयोग आहे.

भैय्यालालला उद्यापासून बंद केला.

१९ ऑक्टोबर, रविवार

प्रफुल्ल येऊन गेला. रुक्माचा धाकटा भाऊ, गोंदियाला असतो. तिथं राहून राहून अर्धा हिंदी झाला आहे. साक्षीसाठी स्थळ घेऊन आला. "भाऊजी, लडका एकदम हीरा आहे." राजदीप नाव, दवनीवाड्याच्या बकाराम यांचा मुलगा. तिरोड्याला जनावरांच्या दवाखान्यात सरकारी नोकरीत आहे. एकुलता एक, सुपारीचंही व्यसन नाही, हुंड्याचं नाव काढत नाहीत.

इतकं सगळं चांगलं? मग आतापर्यंत कोणी उचलला कसा नाही?

शामकलाच्या वेळीही सगळं असंच चांगलं होतं. शामकला माझी धाकटी बहीण. मुलगा देखणा, घरी धानाची शेती, बोलणारे गोड. लग्न झाल्यावर कळलं, त्याला सिकलसेल आहे. रक्ताचा हा आजार आपल्या भागात बऱ्याच घरांत निघतो. हाडं ठणकतात, रक्त कमी होत जातं. त्या लोकांना माहीत होतं आणि त्यांनी ते दाबून ठेवलं. पंचविशी व्हायच्या आत शामकला परत आमच्या दारात आली, कपाळ मोकळं घेऊन. तिचा तो चेहरा मी विसरलो नाही. साक्षीच्या बाबतीत असं काही झालं तर मी वेडा होईन.

प्रफुल्ल बोलत होता तेव्हा माझं लक्ष शोकेसकडे होतं. प्रफुल्लने खुर्ची शोकेसला अगदी खेटून घेतली होती आणि हातवारे चालले होते. नमुना फुगला, बाजूला डोललाही, आणि काळा पडला. हे मी कोणाला बोललो नाही. पाहणीला या म्हणून सांगितलं.

२ नोव्हेंबर, रविवार

पाहणी झाली. मुलगा, बकाराम आणि प्रफुल्ल. मुलाची खुर्ची मी मुद्दाम शोकेसजवळ ठेवली होती.

साक्षी चहा घेऊन आली. सगळ्यांना दिला आणि राजदीपला वेगळा कप दिला. तो म्हणाला, "बिनसाखरेचाच आहे ना?" तिनं मान हलवली. हिला कोणी सांगितलं? प्रफुल्लने सांगितलं असेल. पण या वयात बिनसाखरेचा चहा? साखरेचा आजार तर नाही? हे विचारायला पाहिजे.

मुलगा मुलीकडे कमी आणि नमुन्याकडे जास्त पाहत होता. मग मला विचारलं, "काका, याला पाणी कसं देता?"

"वाटीत. दिसत नाही का?"

"वाटीतलं तो पीत असन असं वाटत नाही. डोळे आत गेले आहेत थोडे. आणि मागचा आरसा..."

"आरशाचं काय?"

"काही नाही," म्हणाला आणि गप्प बसला. साक्षीनं त्याच्याकडे पाहिलं म्हणून गप्प बसला, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. पोरीलाही त्याचं बोलणं आगाऊ वाटलं असेल.

नमुना सबंध वेळ काळा होता. शाईसारखा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

माझ्या मागे कोणीतरी प्रयोगात हात घालून राहिलं आहे. फांदीवरची पानं ओली दिसली. परवाही ओली होती, तेव्हा वाटलं वहम असेल. वाटीतलं पाणी जसंच्या तसं. मग पानांवर पाणी आलं कुठून? आणि नुसतं पाणीच कशावरून? नमुन्याच्या नखात जास्वंदाच्या पानाचा तुकडा अडकला होता. जास्वंद अंगणात आहे, शोकेसमध्ये नाही.

रुक्माला विचारलं. ती म्हणाली, "मले दुसरे धंदे नाहीत का? दिवसभर तुम्ही त्याच्या तोंडापुढं खुर्ची टाकून बसता, आता त्याच्यावर पहारा ठेवून राहिलो म्हणा!"

मी शोकेसच्या दाराला शिवणाचा दोरा चिकटवून बाजाराला गेलो. परत आलो तर दोरा तुटलेला. रुक्मा कपडे वाळत घालत होती, साक्षी हात पुसत होती. दोघींनी मला चहा विचारला. एरवी मागितल्याशिवाय मिळत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज ऐकलेलं जसंच्या तसं लिहून ठेवतो.

साक्षी मागच्या अंगणात मोबाईलवर बोलत होती. मी मोरीत होतो, भिंतीपलीकडे. मुद्दाम ऐकलं नाही, कानावर आलं. "आजही काही खाल्लं नाही. सुस्त पडून राहते. डोळे अजून आत गेले. रंग पाहवत नाही रे." मग थोडं ऐकलं आणि म्हणाली, "नाही नाही, बाबाले सांगू नको. ते लगेच वेगळा अर्थ काढतात. मी सांगन, माझ्या पद्धतीनं."

रंग उतरला. खात नाही. सुस्त पडून राहतो. शामकलाच्या नवऱ्याचं असंच सुरू झालं होतं. फोनवर पलीकडे प्रफुल्ल असणार, आणि दवनीवाड्याला कोण आजारी आहे ते सांगायला ज्योतिषी नको. पोराची तब्येत ढासळली आहे, घरचे लपवून राहिले आहेत, आणि माझ्या मुलीला त्यांनी आधीच दयेत गुंतवलं आहे. म्हणूनच हुंडा नको!

रुक्माला सांगितलं. ती म्हणाली, "विचारून तं पाहा पोरीले." विचारून काय होणार? ती म्हणालीच ना, बाबाले सांगू नको.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बकारामांना फोन करून स्पष्ट सांगितलं. मुलाची सिकलसेलची तपासणी करा, कागद पाठवा, मग पुढचं बोलू. आपल्याकडे लग्नाआधी ही तपासणी करायलाच पाहिजे, यात लाजायचं काय? ते म्हणाले, "हरकत नाही. साक्षीचीही करून घ्या." साक्षीची मी कधीच केली आहे, कॉलेजात असताना. तिला काही नाही.

बकाराम इतक्या लवकर कसे कबूल झाले, तेवढंच खटकलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

राजदीप स्वतः रिपोर्ट घेऊन आला. सगळं बरोबर. काहीच दोष नाही. सरकारी दवाखान्याचा शिक्का. पण हा स्वतः सरकारी दवाखान्यात नोकरी करतो. जनावरांचा असला तरी दवाखानाच. शिक्के काय, ओळखीने मिळतात. मी रिपोर्ट शोकेसच्या वर ठेवला आणि नमुन्याकडे पाहिलं. तो फांदीवरून खाली उतरून कोपऱ्यात बसला होता, काळा, तोंड उघडं टाकून.

"काका, याला आता सोडून द्या," राजदीप म्हणाला. "फार दिवस काढणार नाही."

"तुमची घाई कळली मले," मी म्हटलं. "हा गेला की बरं होईल तुमचं." त्याला काही कळलं नाही, किंवा कळलं नाही असं दाखवलं. मी सरळ सांगून टाकलं, सोयरीक जमणार नाही.

तो उभा राहिला, जयभीम घातला आणि गेला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

साक्षी आतून बाहेर आली. तिचा आवाज मी कधी एवढा चढलेला ऐकला नव्हता. "कायले नाही म्हटलं? कागद चांगला आहे, माणूस चांगला आहे, मग कायले? त्या मुक्या जनावराले विचारून माझं लग्न ठरवता तुम्ही?"

"मी तुझ्या भल्यासाठी..."

"तुम्हाले माझं भलं नाही पाहिजे बाबा. तुम्हाले कोणीतरी चोर पाहिजे."

मग तिनं पिशवी भरली. मी अडवलं नाही. प्रफुल्लकडे गेली, गोंदियाला. रुक्मा मला जेवायला वाढून शेजारच्या खोलीत जाऊन बसली.

३० नोव्हेंबर, रविवार

साक्षीचा फोन नाही. रुक्माला रोज येतो. माझं नाव निघत नाही.

पानं आता ओली होत नाहीत. दोरा लावतो तसाच राहतो. म्हणजे घरात जो कोणी ढवळाढवळ करत होता तो थांबला. यावर मला समाधान वाटायला पाहिजे. पण नमुना फार खालावला आहे. नाकतोडा पुढे धरला तरी जीभ काढत नाही. डोळे खोल गेले, कातडी सैल पडली. एका फांदीला दोन पायांनी धरून लोंबतो. सकाळ असो, दुपार असो, काळाच.

घरात परकं कोणी आलेलं नाही. फक्त मी आणि रुक्मा. आता खोटं कोण बोलतं आहे?



४ डिसेंबर, गुरुवार

गोरेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात विचारलं. तिथला माणूस हसला, म्हणाला, गाय, बैल, शेळी आणा. हा प्राणी कोण पाहणार? मग एक नाव सांगितलं. तिरोड्याच्या राजदीपला पाखरांचं, सरड्यांचं फार वेड आहे, त्यालाच विचारा.

घरी येऊन अर्धा दिवस बसून काढला. शेवटी नमुना पिशवीत घातला आणि बस पकडली. लाज वाटत होती, पण तो मेला असता तर ते मला सहन झालं नसतं.

राजदीप एका म्हशीला सुई देऊन हात धूत होता. मला पाहून दचकला, पण "बसा काका" म्हणाला. पिशवीत पाहिलं आणि काही न विचारता कापूस ओला करून झाडाच्या एका फांदीवर पिळला. थेंब पानावरून घरंगळायला लागले. नमुन्याने मान उचलली आणि एक थेंब चाटला. मग दुसरा. एवढ्या दिवसांत मी त्याला एकदाही पाणी पिताना पाहिलं नव्हतं.

"हा वाटीतलं पाणी ओळखत नाही," राजदीप म्हणाला. "पानावरचं दव पिणारा जीव आहे. साक्षी रोज तुम्ही बाहेर गेले की पानांवर फवारा मारायची, थोडा वेळ जास्वंदावर उन्हात ठेवायची. म्हणून एवढे दिवस टिकला."

"तुले कसं माहीत?"

"रोज फोन करायची ना. आज खाल्लं नाही, डोळे आत गेले, रंग चांगला नाही. मी सांगायचो काय करायचं ते."

मी बाकावर टेकलो. मोरीच्या भिंतीपलीकडून ऐकलेलं एकेक वाक्य डोक्यात फिरत होतं. मग मी विचारलं, तुमची ओळख कधीची?

तो खाली पाहून म्हणाला, "बारावीला एका वर्गात होतो, गोंदियाला. प्रफुल्लमामाला माहीत होतं. तुम्हाला सरळ सांगितलं असतं तर तुम्ही नाहीच म्हटलं असतं, म्हणून स्थळासारखं आणलं. हे लपवलं, बाकी काही नाही."

आणि रंग? मी विचारलंच. आयुष्य प्रयोगशाळेत काढलं, रंगाचं विचारल्याशिवाय कसा उठणार?

"सकाळी अंग गार असते, काळा रंग ऊन लवकर धरते. म्हणून सकाळी काळा. ऊन मिळालं की हिरवा. भ्यायला, चिडला, आजारी पडला की पुन्हा काळा. मागच्या आरशात त्याले दिवसभर दुसरा सरडा दिसून राहिला. त्याच्याशी भांडू भांडू थकला असन. आणि समोर..." तो थांबला.

"बोल."

"समोर दिवसभर कोणी टक लावून बसलं तर तो भिणारच ना काका."

मी म्हटलं, एवढं ठाऊक होतं तर पहिल्याच दिवशी ठणकावून का नाही सांगितलं? हा रानातला जीव, घरात ठेवणं कायद्यानेही चालत नाही, हे तरी सांगायचं.

"सांगणार होतो. साक्षी म्हणाली, बाबा रिटायर झाल्यापासून गुमसुम राहतात, आता कुठं जीव रमून राहिला आहे, थोडे दिवस राहू दे."

बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो. डोळे पुसायला रुमाल नव्हता, बाही वापरली.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी विहारात बाबासाहेबांना अभिवादन करून आलो. नमुना राजदीपकडे आहे, दोन दिवस पाणी आणि ऊन देऊन पाहतो म्हणाला. रुक्माला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मले माहीत होतं." म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं. पण आज मला त्याचा राग आला नाही.

शोकेसमध्ये कपबश्या परत लावल्या.

७ डिसेंबर, रविवार

राजदीप आणि मी चोरखमाऱ्याला जाऊन नमुना सोडला, तलावाच्या अलीकडे एका बाभळीवर. चढताना दोनदा थांबला, मग पानांत गेला. राजदीपने सांगितलं म्हणून आम्ही लांब जाऊन उभे राहिलो. ऊन वर आल्यावर त्याला शोधत होतो तर सापडेना. एवढा हिरवा झाला होता. सोयरिकीबद्दल तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. आधी साक्षीशी बोलायला पाहिजे असं ठरवलं होतं.

संध्याकाळी प्रफुल्ल तिला घेऊन आला. मी निरोपच तसा पाठवला होता. ती दारातच उभी राहिली.

मी म्हटलं, "बेटा, मले राजदीप पसंत आहे. तू म्हणशील तेव्हा बोलणी करू."

मला वाटलं, ती रडेल, नाही तर हसेल. तिनं उलट कारण विचारलं. "काऊन?"

"काऊन म्हणजे? मले कळलं सगळं."

"आता कोणती तपासणी राहिली? त्याले बोलावून पुन्हा नाही म्हणायचं आहे का?"

"नाही बेटा. खरंच सांगून राहिलो."

ती आईकडे वळली. "आई, हे खरं बोलतात का?" रुक्मा मान हलवून हो म्हणाली. तरी साक्षीला पटेना. माझी पोरगी माझा शब्द दुसऱ्याकडून खात्री करून घेत होती. "आत्ताच फोन लावा," ती म्हणाली, "माझ्यासमोर. स्पीकर चालू ठेवा."

मी बकारामांना फोन लावला. जयभीम घातला आणि म्हटलं, मले सोयरीक पसंत आहे, तुमची हरकत नसन तर पुढं बोलू.

मग बकाराम म्हणाले, "काऊन? त्या दिवशी तं पोराले दारातून परत पाठवला. रक्त तपासा म्हटलं, तपासलं. कागद दिला, तरी नाही म्हटलं. आता एकदम असं का झालं?"

"माझी चूक झाली."

"चूक झाली, का दुसरीकडं जमलं नाही म्हणून आमची आठवण आली?"

"तसं नाही हो. पोरांची मर्जी आहे..."

"पोरांची मर्जी मले माहीत आहे. तुमची माहीत नाही. उद्या पुन्हा काही दिसलं तुम्हाले तं? घरी विचार करून सांगतो." आणि फोन ठेवला.

मी साक्षीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. ओठ घट्ट मिटून ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. या वेळी ते कशामुळे झालं, हे मला कोणत्याही नमुन्याकडे न पाहता कळलं.

"त्यांचं बरोबर आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

बकाराम विचार करतील की नाही माहीत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर केला नसता. उद्या पहिल्या बसने दवनीवाड्याला जातो. ते बसा म्हणोत की न म्हणोत, त्यांच्या ओसरीवर बसून राहीन, आणि ते विचारतील त्याचं उत्तर देईन. रुक्मालाही घेऊन जातो. माझ्या एकट्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायला त्यांना सांगू तरी कसं?